एर्मिताजची टेकडी आणि तिथल्या मुरणाऱ्या रेड वाइन

फ्रान्समधील लिआँहून दक्षिणेकडे जाणारी प्रादेशिक रेल्वे साधारण तासाभरात तँ-लेर्मिताज या ऱ्होन नदीकाठच्या गावी पोहोचते. गावामागेच एर्मिताजची टेकडी उभी आहे. सुमारे 136 हेक्टरांच्या या प्रामुख्याने दक्षिणाभिमुख उतारावर लाल वाइनसाठी सिरा द्राक्ष पिकते. नाशिकच्या वाइनरींमुळे आपण त्याला शिराझ म्हणून ओळखतो.

गावातून निघून दगडी बांधांमधल्या पायवाटेने माथ्यावरील सेंट ख्रिस्तोफरच्या चॅपलपर्यंत, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहापर्यंत जावे. सावली जवळजवळ नाही, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळीच निघावे, पाणी आणि पकड असलेले बूट सोबत असावेत. येथे मांडव दिसत नाही. खड्या चढावर वाऱ्याला तोंड देण्यासाठी वेली लाकडी खुंटांना बांधलेल्या असतात आणि तोडणी हातानेच होते. पश्चिमेकडील बेसार भागातला ग्रॅनाइट इतका झिजलेला आहे, की त्याचे खडे बोटांनी चुरडता येतात. वाइनला कणा देणारा भाग म्हणून बेसारची ख्याती आहे, तर गोट्यांच्या मेआल भागातून अधिक भरदार वाइन येते. एकोणिसाव्या शतकात बोर्दो या फ्रान्समधल्याच वाइन प्रदेशातले व्यापारी आपल्या वाइनला दम यावा म्हणून एर्मिताजची वाइन मिसळत असत, हे येथे चव घेतल्यावर सहज पटते.

चव घेण्यासाठी 1933 साली स्थापन झालेल्या काव्ह द तँ या सहकारी संस्थेपासून सुरुवात करणे सोयीचे आहे. लहान कौटुंबिक उत्पादकांना मात्र बऱ्याच आधी ई-मेल करून वेळ ठरवावी. कोवळी एर्मिताज मिरीसारखी तिखट व तुरट लागते आणि तिच्यावरून मत बनवणे अन्यायाचे ठरेल. शक्य असल्यास जास्तीचे पैसे मोजून दहा-पंधरा वर्षे मुरलेली वाइन शेजारी ठेवून चाखावी. तुरटपणा मऊ होऊन चामडे, धुरावलेले मांस आणि सुक्या फळांचा गंध पुढे येतो. झाबुले या उत्पादकाच्या, चॅपलवरून नाव पडलेल्या ‘ला शापेल’ची 1961 सालची वाइन तर विसाव्या शतकातील थोर वाइनमध्ये गणली जाते.

मुंबई-पुण्याच्या उकाड्यात घरच्या कपाटात ही वाइन मुरत नाही, बिघडते. म्हणून तापमान नियंत्रित जागा नसेल तर नवी एर्मिताज विकत घेऊ नये. त्याऐवजी शेजारच्या क्रोझ-एर्मिताजची, लवकर पिण्याजोगी आणि बरीच स्वस्त बाटली घ्यावी. भारतात परतताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंतच मद्य शुल्कमुक्त आणता येते, म्हणजे नेहमीच्या 750 मिलीलिटरच्या दोनच बाटल्या त्यात बसतात. त्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन सामानात ठेवाव्यात.