तुम्ही विचारलंत म्हणून: पोराले दम्याचा पंप काहून लावला?

"एवढ्याशा पोराले पंप काहून लावला वं? सवय लागन ना त्याले!" लग्नात हेच, एसटीत हेच, रेशनच्या रांगेतही हेच. त्याच्यामागोमाग दुसरा प्रश्न ठरलेला: "हैदराबादचा मासा नाही देऊन पाहिला का?"

दिला. दोनदा दिला. म्हणूनच लिहायला बसले.

मृगाच्या दिवशी दम्याचा मासा देतात, तिथे आम्ही हिंगणघाटहून रेल्वेने गेलो. नामपल्लीच्या मैदानात लेकराला कडेवर घेऊन रांगेत उभं राहिलो. बोटभर जिवंत मरळ, तिच्या तोंडात पिवळं औषध, ते गिळायचं. गेल्या वर्षी दुसरी खेप होती. परत आलो तेव्हा पोराची छाती साफ होती. मी रोजचा पंप बंद केला. बंद कर असं तिथे कोणीच म्हटलं नव्हतं, ते माझंच डोकं. उन्हाळ्यात त्याची छाती दरवर्षीच साफ असते, हे मला सुचलं नाही. सुचलं असेलही. मानायचं नव्हतं.

आपल्याकडे विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात, ऊन उतरल्यावर. तोवर पाऊस लागलेला असतो. ओल धरलेली खोली, दाटीवाटीने बसलेली पोरं, त्यातल्या चौघांची नाकं वाहणारी. लहान मुलांचा दमा बहुतेक वेळा साध्या सर्दीनेच उसळतो. आठवडा नाही झाला, तर हा शिंकत घरी आला.

तिसऱ्या रात्री जाग आली तेव्हा तो गुडघ्यांवर हात टेकून बसला होता. श्वासागणिक फासळ्यांखालची कातडी आत ओढली जात होती. "आई... पाणी... दे." तीन शब्दांना तीन श्वास. सासूबाईंनी ओव्याची पुरचुंडी गरम केली, मी छातीला बाम चोळला. मग तातडीचा पंप आठवला. कपाटात सापडला, हलवला तर आत खळखळ वाजलं, दाबला तर फवाराही आला. औषध मात्र संपलेलं होतं. संपल्यावरही नुसता वायू निघत राहतो, हे नंतर कळलं. आता किती वेळा दाबला ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते.

पावसात मोटरसायकलवर तिघं. ह्यांच्या पाठीला तो, त्याच्या पाठीला मी, आणि माझ्या पोटाला त्याच्या छातीची शिट्टी जाणवत होती. दवाखान्यात वाफेचं मशीन लावलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रोजचा पंप चालू आहे ना?"

मी म्हटलं, "चार दिवस चुकला."

बावीस दिवस झाले होते. मास्कच्या वरून पोरगा माझ्याकडे बघत होता. त्याला दिवस मोजता येतात.

तेव्हाची मी अजूनही भांडते माझ्याशी: स्टेरॉइड आहे ते, आयुष्यभराचं लचांड. मी तिला त्या रात्रीनंतरच्या गोळ्या दाखवते. रोजच्या पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये, थेट श्वासनळीत जाणारं. ते टाळलं म्हणून पाच दिवस स्टेरॉइडच मिलिग्रॅममध्ये, सगळ्या अंगात जाणाऱ्या गोळ्यांतून द्यावं लागलं. यावर ती गप्प बसते. पण उंचीचं काढते. तिथे मी अडकते, कारण उंची सेंटीमीटरभर कमी राहू शकते हे डॉक्टरीणबाईंनी स्वतःच सांगितलं. दाराच्या चौकटीवर मी दर महिन्याला रेघ मारते. कुणी पाहू नये म्हणून पेन्सिलीने.

तर, सवय. रोजच्या पंपाने लगेच काहीच वाटत नाही, पूर्ण गुण यायला काही आठवडे जातात. म्हणून शाळेची घंटा झाल्यावर सुरू करून भागत नाही. यंदा मे महिन्यातही एक दिवस चुकवलेला नाही. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावूनच देते, नाहीतर बरंचसं औषध घशालाच चिकटतं. नंतर चूळ भरायला लावते. तातडीचा नवा पंप शाळेतल्या मॅडमच्या पर्समध्ये राहणार, कुलपातल्या कपाटात नाही. सोबत मराठीत चिठ्ठी: किती वेळा द्यायचा, आराम नाही पडला तर कोणाला फोन. कबड्डी बंद करू नका, हेही त्यात लिहिलंय.

मोठं संकट दिवाळीनंतरच्या शाळेचं. तेव्हा भाव येईस्तोवर कापूस घरातच गंजी मारून असतो आणि पोरं त्यावरच, त्याच्या धुळीत लोळतात, झोपतात. यावर ह्यांच्याशी बोलणं झालंय. निघालं काहीच नाही. दोन खोल्यांचं घर.

आणि मासा? सलग तीन वर्षं द्यावा लागतो म्हणतात. हे तिसरं. सासूबाईंनी जेठांना तिकिटं काढायला सांगितलंय. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पिशवी भरून ठेवली आहे: दोन्ही पंप, स्पेसर आणि चूळ भरायला पाण्याची बाटली.