वरून गळणारं तेल

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात टोइंगच्या ट्रकवरून आमच्या गॅरेजमध्ये उतरवली तेव्हा गाडी पुढून पार बसली होती. म्हैस बसताना आधी पुढचे गुडघे टेकते, तशी. मागची चाकं जागेवर, पण पुढं टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोट शिरेना. जर्मन बनावटीची मोठी सेडान, 2011चं मॉडेल, तीन लिटरचं व्ही-6 डिझेल, सात गिअरची ऑटोमॅटिक. नवी होती तेव्हा कोटीच्या घरातली. साखळी गावच्या गिऱ्हाइकानं ती दिल्लीहून साडेदहा लाखांत आणलेली.

असल्या गाड्या इथं गोव्यात, फोंड्यापर्यंत येऊ लागल्या त्याचं कारण साधं आहे. 2015 साली राष्ट्रीय हरित लवादानं दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली, 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. मग तिथले मालक एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, घेऊन मिळेल त्या भावात गाड्या काढू लागले. अशा गाडीचा खालचा पत्रा बहुधा कोरा असतो, कारण तिनं समुद्राचा वारा पाहिलेला नसतो. रबर मात्र उन्हानं वाळून कडक झालेलं असतं. कळंगुट-बागा किनाऱ्याकडच्या गाडीचं नेमकं उलट. त्यामुळे दिल्लीची गाडी उचलली की आम्ही गंजाकडे नंतर बघतो, आधी बुश, बेलो आणि सील, म्हणजे रबराचे भाग.

तक्रारी दोन होत्या. रात्री उभी केली की सकाळी पुढून बसलेली, आणि केरीच्या पुढं चोर्ला घाटाचा चढ लागताच ओढ गेली, आरपीएम तीन हजारांच्या वर जाईना. तिसरी गोष्ट मालकानं सांगितलीच नाही, कारण त्याच्या मते ती दिल्लीतच दुरुस्त झाली होती. बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाच्या, तळाला इंजिन ऑइलचा ओला डाग होता. ग्लव्ह बॉक्समध्ये आधीच्या एका वर्कशॉपचं बिल सापडलं. गिअरबॉक्स उतरवून क्रँकचं मागचं ऑइल सील बदललेलं, मजुरीसकट एक्केचाळीस हजार. सील खरंच नवं होतं. गळती तशीच.

आधी पुढचा भाग. या गाडीला स्प्रिंग नसतात, रबराच्या फुग्यात हवा कोंडलेली असते. साबणाचं पाणी फवारलं तर डाव्या स्ट्रटच्या (शॉक ॲब्सॉर्बर आणि फुगा यांचा जोड) फुग्याला, जिथं रबर दुमडून आत वळतं तिथं, बुडबुडे आले. उजव्याला चिरा होत्या, गळती अजून नव्हती. अशा वेळी एकच बदलायचा मोह होतो. बदलू नये, दुसरा दोन-चार महिन्यांत जातोच. आणि खरी किंमत फुग्याची नसते. हवा गळत राहिली की ती भरणारा कॉम्प्रेसर थांबत नाही, त्याच्या पिस्टनची टेफ्लॉनची रिंग झिजते, त्याला चालू-बंद करणाऱ्या रिलेचे पॉइंट चिकटतात, आणि मग गाडी बंद असतानाही तो चालू राहून जळतो. इथंही रिले चिकटलेला होता. हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरमधले सिलिका जेलचे दाणे ओले होऊन त्यांचा लगदा झाला होता, म्हणजे दमट हवा थेट व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत जात होती. आधी दोन्ही स्ट्रट, मग कॉम्प्रेसर, आणि त्याच्याबरोबर न चुकता नवा रिले, हा क्रम मोडला की नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेनं जातो.

कंपनीच्या नव्या स्ट्रटचा भाव एका बाजूला लाखाच्या वर सांगितला गेला. नवा फुगा चढवून तयार केलेले आम्ही अडतीस हजारांना एक असे घेतले, दोन्हींचे शहात्तर. कॉम्प्रेसर आणि रिलेचे चौतीस. कुणीतरी मालकाला साधे स्प्रिंग टाकायला सांगितलं होतं. टाकता येतात, पण डॅशबोर्डवरचा इशारा जात नाही, तो दाबायला प्रोग्रॅमिंग लागतं आणि उद्या विकताना भाव पडतो. मी तरी ते करत नाही.

आता ओढ. स्कॅनरनं इनटेकमधल्या स्वर्ल फ्लॅपच्या, म्हणजे आत जाणाऱ्या हवेला गिरकी देणाऱ्या झडपांच्या, मोटरचा सर्किट एरर दाखवला. टर्बोच्या खाली, जेमतेम हात जाईल अशा जागी मोटर. तिचा प्लग ओढला तर काढूनच ठेवलेला, आणि वायरिंगच्या बाजूला दोन टोकांमध्ये 4.7 किलोओहमचा रेझिस्टर, टेपनं गुंडाळलेला! मोटर मेलेली असताना गाडीच्या संगणकाला ती जिवंत वाटावी म्हणून केलेली ही जुनी चलाखी. घाटातल्या धक्क्यांनी एका बाजूचं डाख सुटलं, संगणकाला खरं कळलं, आणि त्यानं इंजिन वाचवायला ताकद कापली.

मोटर मेली का, याचं उत्तर तिच्यावरच माखलं होतं. इंजिनाच्या पोटातली, क्रँककेसमधली तेलकट वाफ ब्रीदर नावाच्या वाटेनं टर्बोच्या तोंडाशी येते. तिथं नारिंगी रंगाचं एक रबरी सील आहे. ते आकसलं की तेल थेंबथेंब खाली, नेमकं या मोटरवर. शे-पाचशे रुपयांचं सील न बदलता नवी मोटर बसवली तर पैसे पाण्यात.

बेल हाउसिंगचा डागही वरूनच आला असणार, असा संशय होता. व्ही-6 मध्ये दोन सिलिंडर-रांगांच्या मधली जी घळ, तिच्या तळाशी ऑइल कूलर बसवलेला असतो. त्याच्या खालची दोन सील उष्णतेनं कडक होतात, तेल घळीत साठतं, आणि भरलं की मागच्या बाजूनं बेल हाउसिंगवर ओघळतं. खालून बघणाऱ्याला ते क्रँक सीलचंच वाटतं. आम्ही टर्बोच्या बाजूनं बोरोस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, घातला. काळ्या तेलाचं तळं. दिल्लीतला गिअरबॉक्स फुकट उतरवला गेला होता.

दोन सीलची किंमत दोन हजारांच्या आत. त्यांच्यापर्यंत पोचायला अडीच दिवस. बॅटरी सोडवायची, कूलंट काढायचं, एअर फिल्टरचे डबे, इनटेकच्या नळ्या, इंजेक्टरचं वायरिंग, ईजीआरची (थोडा धूर परत इंजिनात नेणाऱ्या यंत्रणेची) जोडणी, टर्बो, मग सिलिंडरांना हवा वाटणारे दोन्ही मॅनिफोल्ड. डिझेलच्या उघड्या तोंडांना लगेच बुचं लावायची, धुळीच्या एका कणानं इंजेक्टर जातो. इनटेकच्या भोकांत स्वच्छ कापड कोंबायचं आणि कापडाचे तुकडे मोजून ठेवायचे, हे अतिशयोक्तीनं सांगत नाही. घळीतलं तेल सिरिंजनं ओढलं, पाऊण लिटर निघालं. बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असल्यानं गरम इंजिनवर हात लावायचा नाही, नाहीतर आटे निघतात. जुनी सील लालसर सिलिकॉनची होती, हाताला प्लास्टिकसारखी. नंतरच्या काळात कंपनीनं जांभळी, व्हिटॉनची (उष्णता सोसणाऱ्या रबराची) दिली, तीच टाकायची. बाजारात जुन्या रंगाची स्वस्त मिळतात, त्यांच्यासाठी पुन्हा अडीच दिवस कोण देणार? बसवण्याआधी पृष्ठभाग प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडायचा, लोखंडी ब्लेडनं नाही.

टर्बोचं सील, मॅनिफोल्डच्या गॅसकेटी आणि मोटर त्याच वेळी बदलून घेतली. एकदा उघडल्यावर न बदललेली शंभर रुपयांची ओ-रिंगही पुढं मजुरीच्या भावानं पडते. ब्रीदरही तपासला, तो ठीक होता. इंजेक्टरच्या बुडाशी काळं डांबर जमलं नव्हतं, म्हणजे तांब्याचे वॉशर गॅस धरून होते. तिथं सुदैव.

मजुरी बत्तीस हजार, सील-गॅसकेटी चौदा, मोटर अठ्ठावीस. धुरातली काजळी अडवणारी जाळी, डीपीएफ, असल्यामुळे कमी राखेचं 5डब्ल्यू-30 तेल साडेआठ लिटर, ऑइल फिल्टरसकट साडेनऊ हजार. कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं, चार हजार. आणि गिअरबॉक्सची सर्व्हिस चोवीस. ‘आयुष्यभराचं तेल’ असं म्हणतात खरं, पण ते कुणाच्या आयुष्याचं, हे कुणी सांगत नाही. पॅनच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप होता, तो चालतो. चकाकते तुकडे असते तर तेल बदलायच्या फंदात न पडता आधी मालकाला बोलावलं असतं. या पेटीला डिपस्टिक नसते, तेलाची पातळी स्कॅनरवर तापमान बघून, इंजिन चालू ठेवून धरावी लागते. थंड पेटीत भरलेलं तेल नेहमी चुकतं.

एकूण दोन लाख एकवीस हजार पाचशे. मालक बिलाकडे बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, “मेस्ता, माझी पहिली मारुती एवढ्याला आली होती.” त्याचा मामा सोबत आला होता, तो म्हणाला, “गाडी दहा लाखांची झाली रे, पण तिचे पार्ट अजून कोटीचेच.” मी त्यात भर घालायला गेलो नाही.

एक काम मालकाच्या हातचं होतं. ते त्याला दाखवून दिलं. घरासमोर आंब्याखाली गाडी उभी असते, सनरूफच्या चारही कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या नळ्यांत मोहोर आणि पानांचा चुरा बसला होता. पावसात ते पाणी खांबातून कारपेटखाली जातं, तिथल्या फोममध्ये आठवडे मुरतं आणि खालचे कनेक्टर हिरवे होतात. जाड नायलॉनची तार हळू सरकवायची. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, आत नळीचा जोड सुटतो आणि मग छताचं अस्तर काढावं लागतं.

गाडी लगेच सोडली नाही. सलग तीन रात्री चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजलं, खाली कोरा पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी जास्तीत जास्त फरक तीन मिलिमीटर, तोही मागून. पुठ्ठा कोरडा. चौथ्या दिवशी केरीमार्गे घाट चढून चोर्ल्यापर्यंत नेऊन आणली, सुटलेला रेझिस्टर जुन्या पार्टच्या पिशवीत मालकाला दिला. पुढच्या लोअर आर्मचे बुश फाटायला लागलेत, ते गणेश चवथीनंतर करू म्हणाला.