वहिनी, सरकारी काम घेऊ का?

दरवर्षी गणपतीत कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन हे विचारतंच. यंदा आरतीनंतर, हातात प्रसादाची वाटी घेऊन तुम्ही विचारलंत. तुमची रंगकामाची कंपनी आता आठ माणसांची झालीय, घरांची कामं बरी चाललीत, आणि सरकारी कामात पैसे बुडत नाहीत असं कुणीतरी तुम्हाला सांगितलंय. "फक्त ते मजुरीचं काय प्रकरण असतं, तेवढं सांगा वहिनी." मी फोनवर बोलू म्हटलं, पण हे फोनवर आटोपणारं नाही. इथे अमेरिकेत, न्यू जर्सीत, विजेची कामं करणाऱ्या एका ठेकेदाराकडे मी चौदा वर्षं पगारपत्रकं करतेय. म्हणून लिहूनच देते.

कुणाच्या घराला रंग देता तेव्हा माणसाला तासाला किती द्यायचे हे तुमचं आणि त्याचं ठरतं. सरकारी कामात तो आकडा तुम्ही टेंडर भरण्याआधीच ठरलेला असतो. त्या भागात त्या कामाचा जो दर चालतो तो द्यायचा. इथे त्याला प्रिव्हेलिंग वेज म्हणतात. जास्त हवे तेवढे द्या, खाली एक सेंटही नाही. केंद्र सरकारचं बांधकामाचं किंवा रंगरंगोटीचं काम 2,000 डॉलरच्या वर गेलं की डेव्हिस-बेकन कायदा लागू होतो. हा 2,000 चा आकडा 1935 पासून हललेला नाही, त्यामुळे एखाद्या सरकारी इमारतीच्या चार खोल्या रंगवल्यात तरी तुम्ही कायद्यात आलात. राज्याच्या कामांना न्यू जर्सीचा स्वतःचा 1963 चा कायदा आहे आणि त्यासाठी राज्याकडे वेगळी नोंदणी लागते. ती आधी करून घ्या.

केंद्राचा हा डेव्हिस-बेकन कायदा कशातून आला ते कळलं की त्यातल्या अटी जाचक वाटत नाहीत. 1920 च्या दशकात न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर माजी सैनिकांसाठी सरकारी इस्पितळ बांधायचं निघालं. काम गेलं अलाबामाच्या ठेकेदाराकडे. त्याने मजूर तिकडूनच आणले, स्वस्तातले, आणि जवळपासचे गवंडी-सुतार बघत बसले. तिथले खासदार बेकन यांनी 1927 मध्ये विधेयक आणलं. ते आणलेले मजूर बहुतेक कृष्णवर्णीय होते आणि त्या चर्चांमध्ये त्यांच्याबद्दल जे बोललं गेलं ते चांगलं नव्हतं. हा डाग लपवू नये असं मला वाटतं. पुढे महामंदी आली आणि 3 मार्च 1931 ला राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांची सही झाली. कायद्याच्या नावातले दुसरे गृहस्थ, सिनेटर डेव्हिस, वेल्समधून लहानपणी इथे आलेले आणि तरुणपणी लोखंडाच्या भट्टीवर राबलेले. सरकार सगळ्यात कमी आकड्याला काम देतं. मजुरी मोकळी सोडली तर तो आकडा प्रत्येक वेळी मजुराच्या पोटातूनच कमी होणार, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दर मिळतो तो तक्त्यात. काउंटीप्रमाणे, म्हणजे आपल्या जिल्ह्याप्रमाणे, वेगळा, आणि इमारत, घरबांधणी, जड बांधकाम, हमरस्ता यांप्रमाणेही वेगळा. प्रत्येक कारागिरापुढे दोन आकडे असतात: मूळ दर आणि फ्रिंज. फ्रिंज म्हणजे आरोग्य विमा, पेन्शन, सुट्ट्या यांचे पैसे. 1964 पासून तेही दरातच धरतात. तुम्ही विमा वगैरे देत नसाल तर तेवढी रक्कम चेकमध्ये रोख घालायची. समजा मूळ दर 40 आणि फ्रिंज 20, तर माणूस तासाला 60 ला पडतो. आठवड्याचे चाळीस तास उलटले की केंद्राच्या नियमाने दीडपट होते ती फक्त 40 ची, म्हणजे 60, आणि वर फ्रिंजचे 20. एकूण 80. काही जण सगळ्याची दीडपट करून 90 धरतात आणि त्या जादा आकड्यापायी काम घालवतात. काही जण फ्रिंज विसरतात आणि काम मिळाल्यावर रडतात.

पण आकड्यांत माणूस फारसा फसत नाही. फसतो तो माणसाच्या नावापुढे काय लिहायचं यात.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे केंद्राच्या पैशातून एका दवाखान्याच्या नूतनीकरणाचं काम होतं. एका शुक्रवारी फोरमन आजारी पडला म्हणून पगाराचे चेक घेऊन मीच साइटवर गेले. दाराशी मजुरीचे दर लावलेले असतात, लावावेच लागतात; त्या कागदावर कुणीतरी जिप्समच्या शीटांची चळत टेकवून ठेवली होती. आत शिडीखाली पन्नाशीचा एक माणूस बसला होता. गुडघ्यावर पाइप, कानामागे पेन्सिल. पाइपवर त्याने बारीक खूण केली, पाइप वाकवायच्या बेंडरमध्ये धरून पायाने दाबला, उचलून डोळ्यासमोर धरला आणि कोन जमला नाही म्हणून परत थोडासा दाबला. मग शिडी चढून तो पाइप छताला असा बसवला की मागेपुढे बोटभरही फट राहिली नाही. त्याचं नाव विचारलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. माझ्या पगारपत्रकात तो सहा आठवडे लेबरर होता. सामान उचलणारा, झाडणारा. आणि त्या प्रत्येक पत्रकाच्या मागच्या बाजूला, "हे सर्व खरं आहे, प्रत्येकाला त्याच्या कामाचा पूर्ण दर दिलेला आहे" या मजकुराखाली, सही माझी होती.

ऑफिसात उत्तर मिळालं, "तो इलेक्ट्रिशियन नाहीच, नुसती मदत करतो." पण कायदा माणसाला तुम्ही काय म्हणता ते बघत नाही, त्याच्या हातात कुठलं हत्यार आहे ते बघतो. विजेच्या तारांचे पाइप वाकवले की दर इलेक्ट्रिशियनचा. तासामागे 22 डॉलरचा फरक होता, तास झाले होते 240. मालकांनी 5,280 डॉलर दिले, मी दुरुस्त पत्रकं पाठवली. त्यांनी आढेवेढे घेतले असते तर त्या पत्रकांवर मी पुन्हा सही केली नसती, हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यात माझा मोठेपणा काही नाही, खोट्या सहीला इथे फौजदारी लागते.

फरकाचा चेक मी स्वतःच नेऊन दिला. त्याने तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला, परत काढला आणि हळूच विचारलं, "यातले परत किती द्यायचे?"

आधी कुठेतरी त्याने ते दिलेले होते. शुक्रवारी पूर्ण चेक, सोमवारी त्यातले काही रोख फोरमनच्या हातात. हे इतकं चालायचं की 1934 मध्ये त्यासाठी वेगळा कोपलँड कायदा करावा लागला: मजुराकडून पगारातला भाग परत घेणं हा गुन्हा. दर आठवड्याला सहीचं पत्रक द्यायचं बंधनही त्यातूनच आलं. आपल्याकडच्या माणसाला हे समजायला जड जात नाही. 1982 च्या आशियाई खेळांसाठी दिल्लीत बांधकामं चालली होती, तेव्हा मजुरांचा रोज 9 रुपये 25 पैसे होता आणि जमादार त्यातला एक रुपया काढून घ्यायचे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवून घेणं ही वेठबिगारीच आहे असा न्यायालयाने निकाल दिला. लाँग आयलंड काय आणि दिल्ली काय, काम सरकारी होतं, पैसा जनतेचा होता, आणि गळती मधल्या हातात होती.

आता तुमच्या आठ माणसांचं बोलू. रोज प्रत्येकाने कुठलं काम किती तास केलं ते त्याच दिवशी लिहून घ्या. शुक्रवारी आठवून लिहिलेलं टिकत नाही. एकाच माणसाने चार तास रंग आणि चार तास दुसरं काही केलं तर दोन दर लावता येतात, पण वेळेची नोंद चोख असेल तरच. नसेल तर वरचा दर द्यायची तयारी ठेवा. उन्हाळ्यात मदतीला येणारा तुमचा भाचा शिकाऊ आहे म्हणून त्याला कमी देता येणार नाही. शिकाऊचा कमी दर फक्त सरकारमान्य योजनेत नाव नोंदवलेल्यालाच लागतो. नाहीतर त्याच्या हातात ब्रश आला की तो पुरा रंगारी. पगार दर आठवड्याला, आणि त्यानंतर सात दिवसांत पत्रक. कागद तीन वर्षं जपायचे. निरीक्षक साइटवर येऊन माणसांना एकेकटं विचारतात, तेव्हा तुम्ही तिथे रेंगाळू नका.

सुरुवातीला तुम्ही कुणाचे तरी सबकाँट्रॅक्टरच असाल. मुख्य ठेकेदार पत्रक मिळाल्याशिवाय तुमचं बिल काढणार नाही. त्याचा राग धरू नका, तुमच्याकडून कमी दिले गेले तर ते त्याच्या गळ्यात पडतात. सरकार त्याचे पैसे अडवून मजुरांना देऊ शकतं, आणि मुद्दाम चोरी केलेली निघाली तर तीन वर्षं केंद्राच्या कामांची दारं बंद होतात.

तेव्हा काम जरूर घ्या. तुमची माणसं चांगली आहेत, त्यांनी रंगवलेला आमचा जिना मी रोज बघते. फक्त आकडा टाकण्याआधी त्या काउंटीचा दरतक्ता आणि तुमच्या माणसांची यादी घेऊन घरी या. कोण नक्की काय करतं ते एकेकाच्या नावापुढे लिहू. शुक्रवार सोडून कधीही या. शुक्रवारी माझी पत्रकं असतात.