मायक्रोस्कोपचा कॅमेरा आणि मायक्रॉनचा हिशेब

पडद्यावरचं चित्र किती पटींनी मोठं दिसतंय, याचा मोजमापाला काही उपयोग नाही. मॉनिटर बदलला की ती पट बदलते. मोजायला एकच आकडा लागतो: फोटोतला एक पिक्सेल म्हणजे नमुन्यावरचे किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग). हा आकडा एकट्या मायक्रोस्कोपचा नसतो. ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं भिंग), कॅमेऱ्याचा अडॅप्टर (कॅमेरा मायक्रोस्कोपला जोडणारी नळी) आणि फोटोचं रिझोल्यूशन या तिघांचा मिळून तो ठरतो. तिघांपैकी एक जरी बदललं, तरी जुना आकडा रद्द.

त्यासाठी स्टेज मायक्रोमीटर लागतो: काचेच्या स्लाइडवर कोरलेली १ मिलिमीटरची पट्टी, बहुतेक वेळा १०० भागांची, म्हणजे दोन रेघांमध्ये १० मायक्रॉन. आयपीसमध्ये (डोळ्याजवळच्या भिंगात) बसवायची पट्टी इथे चालत नाही. तिच्या भागांना स्वतःचं माप नसतं.

आधी कागदावर अंदाज काढून ठेवा. सेन्सरच्या पिक्सेलचा आकार भागिले (ऑब्जेक्टिव्ह गुणिले अडॅप्टर). सेन्सरचा पिक्सेल ३.४५ मायक्रॉन, ऑब्जेक्टिव्ह १०एक्स आणि अडॅप्टर ०.५एक्स असेल, तर ३.४५ ÷ ५ = ०.६९ मायक्रॉन प्रति पिक्सेल. प्रत्यक्ष आकडा यापासून थोडा सरकणारच, कारण ऑब्जेक्टिव्हवर आणि अडॅप्टरवर छापलेले आकडे नाममात्र असतात. पण तो दुप्पट किंवा निम्मा आला, तर कुठेतरी रिझोल्यूशनची सेटिंग चुकली आहे असं समजा.

आता पट्टी फोकसमध्ये आणा. स्लाइड फिरवून पट्टी फोटोच्या कडेला समांतर करा आणि ज्या रिझोल्यूशनवर नमुन्याचे फोटो घेणार, त्याच रिझोल्यूशनवर फोटो काढा. इमेजजे या मोजमापाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो उघडून 'स्ट्रेट लाइन'ने पट्टीवर रेघ ओढा आणि 'अ‍ॅनलाइझ'मधल्या 'सेट स्केल'मध्ये जा. पिक्सेलमधली लांबी तिथे आपोआप भरलेली असते. 'नोन डिस्टन्स'मध्ये खरी लांबी आणि त्याखाली एकक भरायचं. 'ग्लोबल'वर खूण केली, तर उघडलेल्या प्रत्येक फोटोला तेच माप लागू होतं. एकाच ऑब्जेक्टिव्हचे फोटो ओळीने मोजायचे असतील तर हे सोयीचं, पण १०एक्सचं माप ४०एक्सच्या फोटोला चिकटतं तेही इथेच. ऑब्जेक्टिव्ह बदललं की ही खूण आधी तपासा.

सगळ्यात जास्त चुका रेघ ओढण्यात होतात. वरच्याच जुळणीत १० मायक्रॉनचा एक भाग जेमतेम साडेचौदा पिक्सेलचा होतो. माउस दोन पिक्सेल इकडेतिकडे झाला की चूक जवळजवळ १४ टक्के. पूर्ण १ मिलिमीटर मोजला तर ते सुमारे १४५० पिक्सेल होतात आणि तीच दोन पिक्सेलची चूक ०.१४ टक्क्यावर येते. म्हणून चित्रात मावेल तेवढी लांब पट्टी घ्यायची. १०एक्सला अख्खी पट्टी, ४०एक्सला ३००-४०० मायक्रॉन, १००एक्सला १००-१५०.

दुसरी गोष्ट रेघांच्या जाडीची. ४०एक्सवर २ मायक्रॉन जाडीची रेघ सुमारे १२ पिक्सेल रुंद दिसते. पहिल्या रेघेच्या डाव्या कडेपासून शेवटच्या रेघेच्याही डाव्या कडेपर्यंत मोजा. जाडी आपोआप वजा होते. एका रेघेच्या बाहेरच्या कडेपासून दुसरीच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजलं, तर एक अख्खी जाडी मापात शिरते. तीन वेळा मोजून सरासरी घ्या.

मग स्लाइड ९० अंशांत फिरवून उभं माप घ्या. आडवं आणि उभं जुळलं नाही, तर बहुधा प्रीव्ह्यू एका दिशेला ताणला जातोय. यानंतर नव्या फोटोवर पट्टीचा दुसरा भाग मोजून बघा. ज्या फोटोवरून माप बसवलं त्याच्यावरच तपासण्यात अर्थ नाही. हिमोसायटोमीटर (रक्तपेशी मोजायची आखीव काच) हाताशी असेल तर स्वतंत्र पडताळणी होते: 'सुधारित न्यूबावर' या त्यावरच्या नेहमीच्या आखणीतला सर्वांत छोटा चौकोन ५० मायक्रॉन बाजूचा असतो.

रिझोल्यूशनचा घोळ नीट समजून घ्यायला हवा. फोटो क्रॉप केला तर पिक्सेलचं माप बदलत नाही. रिसाइझ केला किंवा बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र करणं) लावलं तर बदलतं: २४४८ रुंदीचा फोटो १२२४ चा झाला की ०.६९ चा १.३८ होतो. मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेले फोटो बरेचदा असेच आकसलेले असतात. त्यांच्यावर मोजू नका. फोटो पाठवायचा असेल तर आधी स्केल बार चित्रातच उमटवा, तो चित्राबरोबर लहान होतो आणि खरा राहतो.

अडॅप्टर नळीत पूर्ण बसलाय ना आणि स्क्रू घट्ट आहे ना, हेही पाहा. तो मिलिमीटर-दोन मिलिमीटर वर राहिला तरी माप सरकतं. स्टीरिओ मायक्रोस्कोपच्या झूमला खटका नसेल, तर जुन्या कॅलिब्रेशनवर (आधी बसवलेल्या मापावर) विसंबू नका. त्याच झूमवर, त्याच बैठकीत पट्टीचाही एक फोटो घ्या.

दशांशांचा मोह मात्र आवरावा. ४०एक्स, ०.६५ एनएच्या (एनए म्हणजे भिंग किती प्रकाश गोळा करतं त्याचं माप) ऑब्जेक्टिव्हची विभेदनक्षमता, म्हणजे दोन बिंदू वेगळे दिसायला लागणारं किमान अंतर, हिरव्या प्रकाशात साधारण ०.४ मायक्रॉन आहे. सॉफ्टवेअर बीजाणूची लांबी ८.२३७ मायक्रॉन दाखवतं, तिथे ८.२ लिहिणं पुरेसं आहे. कंडेन्सरचा (नमुन्याखालच्या प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाचा) डायफ्रॅम, म्हणजे प्रकाशाचं भोक लहान-मोठं करणारा पडदा, फार बंद केला तर बीजाणूच्या कडेला जाड काळी किनार येते आणि नक्की कुठून मोजायचं हेच कळत नाही. कॅलिब्रेशन कितीही अचूक असलं तरी ही चूक त्याने भरून निघत नाही, म्हणून सगळ्या फोटोंना डायफ्रॅम एकाच जागी ठेवा आणि कड सर्वांत बारीक दिसेल तिथे फोकस करा.

प्रत्येक ऑब्जेक्टिव्हच्या पट्टीचा मूळ फोटो जपून ठेवा. नावात ऑब्जेक्टिव्ह, अडॅप्टर, रिझोल्यूशन आणि तारीख असू द्या. नंतर एखाद्या मापाबद्दल शंका आली, तर तो फोटो उघडून पुन्हा मोजता येतं.