एका लोंबत्या ‘टू’ने माझे दोन महिने खाल्ले

इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करताना काळ, कर्मणी प्रयोग वगैरे सगळं निभावलं. अडलं ते एका ‘टू’पाशी.

सराव चाचणीत आमंत्रणाला उत्तर लिहायचं होतं. मी लिहिलं, ‘येस, आय वुड लव.’ चूक! आपण ‘येशील का?’ला नुसतं ‘आवडेल’ म्हणून मोकळे होतो, त्यामुळे मला त्यात काही खटकलंच नाही. पुढच्या चाचणीत शहाणपणाने ‘आय वुड लव टू’ लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी ‘टू’ला लाल गोल करून शेरा मारला: ‘वाक्य अपूर्ण.’ विचारलं तर म्हणाले, वाक्य शब्दयोगी अव्ययावर संपवायचं नसतं. अहो, पण हा ‘टू’ शब्दयोगी अव्यय नाहीच! तो पुढच्या क्रियापदाचा आहे, ‘टू कम’मधला. क्रियापद आधी येऊन गेलं म्हणून ते गाळायचं, ‘टू’ मात्र ठेवायचा. हे कळेपर्यंत दोन महिने मी प्रत्येक उत्तरात क्रियापद पुन्हा पुन्हा लिहीत बसलो. ‘यायला’मधला ‘ला’ आपल्याला तोडून एकटा ठेवता येत नाही. इंग्रजीत तो सरळ तुटतो आणि एकटाच उभा राहतो. एवढं कोणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर!

मग चेव येऊन जिथे तिथे ‘टू’वर थांबायला लागलो आणि पुन्हा आपटलो. ‘ही इजंट ॲज फिट ॲज ही यूज्ड टू’ चालत नाही. तिथे ‘यूज्ड टू बी’च हवं, हा ‘बी’ गाळता येत नाही.

उलट काही ठिकाणी ‘टू’सुद्धा जातो. ‘कम व्हेन यू वॉन्ट’, ‘डू व्हॉट यू लाइक’. पण ‘आय डोन्ट वॉन्ट टू’मध्ये तो पाहिजेच. ‘आय विल ट्राय’ आणि ‘आय विल ट्राय टू’ दोन्ही चालतात, तिथे डोकं खपवू नका.

हां, बोलताना शेवटचा ‘टू’ पुसट ‘ट’ करून गिळू नका, पूर्ण उच्चारा. आणि नकार असेल तर ‘नॉट’ त्याच्या आधी येतो.

लाल गोलाचा तो कागद अजून माझ्याकडे आहे. परवा आवराआवरीत हाती लागला. आय वॉन्टेड टू टेअर इट अप, बट आय डिसायडेड नॉट टू.