स्वतःलाच धाडलेले पत्र

कपाट आवरण्याची दुपार बहुधा कपाट न आवरताच संपते. परवाची दुपार 'ग्राफ झेपेलिन' या महाकाय फुग्यासारख्या जर्मन वायुनौकेच्या एका कार्डाने खाल्ली. वायुनौकेने प्रवास केलेले माझ्या संग्रहातले हे एकमेव टपाल. त्यावर तिकीट आहे, नौकेवरच्या टपालखोलीत मारलेला गोल शिक्का आहे, नीटस अक्षरातला पत्ताही आहे, आणि मागची बाजू मात्र कोरी आहे. पाठवणारा आणि घेणारा एकच गृहस्थ असल्यामुळे लिहायचे काय, हा प्रश्न त्याला पडला नसावा.

झेपेलिनच्या पोत्यांत अशा कार्डांची चंगळच असे. 1929 च्या पृथ्वीप्रदक्षिणेचा बराचसा खर्च संग्राहकांच्या टपालातून निघाला होता. 1931 च्या जुलैत तर हीच नौका फ्रान्झ जोसेफ लँडजवळ उत्तर ध्रुवसागरात पाण्यावर उतरली, 'मालिगिन' या सोव्हिएत बर्फफोडी जहाजाशी तिने टपालाच्या थैल्यांची अदलाबदल केली आणि ती लगबगीने पुन्हा वर गेली. मला हे दृश्य फार आवडते: भोवती बर्फ, डोक्यावर 236 मीटर लांबीचा फुगा, आणि हा सगळा खटाटोप बऱ्याच अंशी शिक्क्यासाठी.

हसण्याचा अधिकार मात्र मला नाही. चौथीच्या सुट्टीत मामाच्या गावाहून मीही स्वतःच्या नावाने एक कार्ड टाकले होते. पत्ता घोटून लिहिला, मागे 'चि. यांस अनेक आशीर्वाद' एवढे लिहिले आणि पुढे काही सुचेना. आम्ही घरी परतल्यावर दोन दिवसांनी पोस्टमनकाकांनी ते माझ्याच हातात ठेवले आणि 'कोणाचं रे?' असे विचारले, तेव्हा मी 'मामाचं' म्हणून मोकळा झालो.

झेपेलिनच्या टपालात अख्ख्या लिफाफ्याला मोल असते. तिकीट पाण्यात भिजवून सोडवले की उरतो तो नुसता कागद, कारण नौका कुठून कुठे गेली ते शिक्केच सांगतात. 6 मे 1937 रोजी अमेरिकेत लेकहर्स्टला 'हिंडेनबर्ग' ही दुसरी जर्मन वायुनौका जळाली, तेव्हा तिच्यावरच्या सतरा हजारांहून अधिक टपालवस्तूंपैकी जेमतेम साडेतीनशे वाचल्या. त्यांच्या करपलेल्या कडांनासुद्धा कोणी कात्री लावत नाही.

मी लावली होती. स्वतःला पाठवलेल्या त्या कार्डावरचे छापील तिकीट चौकोनी कापून मी वहीत डकवले, आणि अर्धा शिक्का त्याच्याबरोबर आला. उरलेले कार्ड, आशीर्वादांसकट, आईने बंब पेटवायला घेतले.