समुद्र असला की झालं

फोन ठेवून बराच वेळ झाला, तरी मिहिरचे ते वाक्य मनातून जात नाही. थायलंडच्या सहलीत को लिपे बेटावर जायचे की को लांतावर, एवढेच मी विचारले होते. त्यावर तो म्हणाला, "आई, तू ठरव गं. आम्हाला काय, समुद्र असला की झालं." त्याच्या आवाजात त्रासिकपणा नव्हता, उलट सगळे माझ्यावर सोपवून तो निश्चिंत झाला होता. मग एवढे लागण्यासारखे त्यात काय होते, ते मला नीट उमगलेले नाही आणि उमगल्याशिवाय झोप येणार नाही.

आधी वाटले, कोणाला कदर नाही म्हणून वाईट वाटले असावे. रात्री जेवणे आटोपली की मी नकाशे उघडून बसते आणि त्या वेळी घरातले बाकी सगळे आपापल्या फोनमध्ये असतात. थायलंडच्या दोन बाजूंना दोन समुद्र आहेत आणि दोन्हींकडचा पावसाळा वेगळा आहे, हे या घरात माझ्याखेरीज कोणाला ठाऊक नाही. थायलंडच्या आखाताच्या बाजूला, म्हणजे को समुई, को ताओ या बेटांवर, ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाचा जोर असतो. अंदमान समुद्राच्या बाजूला मात्र आपल्याकडे येतो तोच नैर्ऋत्य मोसमी पाऊस झोडपतो. म्हणूनच तिथले तारुताओ सागरी राष्ट्रीय उद्यान मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असते. अनूला फी फी बेटांवरचा माया बे हा किनारा हवा होता, कारण त्याचे फोटो सगळीकडे दिसतात. पण पर्यटकांच्या गर्दीने प्रवाळांची इतकी हानी झाली की २०१८ मध्ये तो किनारा बंद करावा लागला आणि २०२२ च्या जानेवारीत उघडला तो बोटींना आत मज्जाव करूनच. हे सगळे वाचून, ताडून मी फेब्रुवारी आणि लिपे इथपर्यंत आले. कपाटातल्या सनस्क्रीनच्या बाटल्यासुद्धा उजेडात धरून मागचा बारीक मजकूर वाचला, कारण ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट ही प्रवाळांना घातक रसायने असलेले क्रीम तिथल्या सागरी उद्यानांत २०२१ पासून चालत नाही. दोन बाटल्या बाजूला काढून ठेवल्या. त्या का काढल्या, हे कोणी विचारले नाही.

ह्यांच्याविषयी आज लिहायला नको.

पण केवळ श्रमांचे म्हणावे, तर तेही खरे नाही. हे काम मला कोणी लावलेले नाही आणि त्याचा कंटाळाही आलेला नाही. बँकॉकहून हात याई, तिथून रस्त्याने दोनेक तासांवर पाक बाराचा धक्का आणि पुढे स्पीडबोट, हा प्रवास मी मनाने इतक्यांदा केला आहे की वाटेतले टप्पे पाठ झाले आहेत. त्यात अडतो तो एकच टप्पा. अनेकदा स्पीडबोट किनाऱ्याला न लागता तरंगत्या धक्क्याशी थांबते, तिथून लांब दांड्याच्या इंजिनाच्या लाकडी होडीत बसायचे आणि शेवटी घोटाभर पाण्यात उतरून वाळूवर चढायचे. या होड्यांच्या नाळेवर रंगीत फडकी आणि फुलांच्या माळा बांधलेल्या असतात. ती होडीच्या देवीची, मे या नांगची, पूजा असते. फोटोत ते पाहिले तेव्हा आईला दाखवावेसे वाटले, कारण नारळी पौर्णिमेला सजवलेली होडी तिने माहेरच्या दारात पाहिलेली आहे. मात्र तिचा गुडघा पाहता ती त्या होडीत चढणार कशी, याची मला धास्ती आहे, आणि मागच्या वर्षीच्या त्या सगळ्यानंतर तिला एकटीला मागे ठेवायचे नाही, हे तर ठरलेलेच आहे.

पुन्हा त्याच वाक्याशी येते. समुद्र असला की झालं.

काल खोल्या शोधताना मी बेटाचा उपग्रहावरून घेतलेला नकाशा मोठा करून पाहत होते. बेट एवढेसे आहे की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जाता येते, आणि पूर्वेच्या किनाऱ्यालगत हॉटेलांच्या छपरांमध्ये एक शाळा दिसली. सुट्टीच्या बेटावर शाळा असेल, असे आपल्या मनात येत नाही. मग त्या शाळेविषयी वाचत गेले. तिथे उरक लावोय लोक राहतात. समुद्रावर जगणारी ही जमात आहे. १९०९ मध्ये सयाम, म्हणजे आजचे थायलंड, आणि ब्रिटिश यांच्यात सरहद्द ठरली, त्या सुमारास ही बेटे सयामकडे राहावीत म्हणून त्यांना इथे वस्ती करायला सांगितले गेले, असे म्हणतात. म्हणजे ज्यांच्या वस्तीच्या आधारावर बेट देशाचे ठरले, त्यांच्याच मुलांच्या शाळेकडे जाणाऱ्या वाटेवर २०२२ च्या अखेरीस जमिनीच्या वादातून कुंपण पडले आणि वाट मोकळी करा म्हणून त्यांना आंदोलन करावे लागले.

ते वाचले आणि आमची पाणंद डोळ्यांपुढे आली. मांगरामागून निघून माडांच्या बागेतून खाली उतरणारी, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे असलेली ती वाट थेट पुळणीवर जायची. बायका त्याच वाटेने मासळीच्या टोपल्या घेऊन वर यायच्या. बाग विकली गेली, तिथे खोल्या उभ्या राहिल्या आणि पाणंदीच्या तोंडाशी भिंत आली. नंतर तिथे उतरणाऱ्या पाहुण्यांना काय हवे असे, तर खिडकीतून समुद्र दिसायला हवा. त्यांना भिंतीची माहिती नव्हती आणि ती असण्याचे कारणही नव्हते. आता त्यांच्या जागी मी खिडकीची दिशा तपासत बसले आहे आणि माझा मुलगा त्यांचेच शब्द बोलतो आहे. लागले ते हेच असावे.

तरी मिहिरवर रागवता येत नाही. तो जन्मला तेव्हा भिंत होतीच. त्याच्या दृष्टीने आजोळचा समुद्र म्हणजे गाडी लावून, वळसा घालून जायची जागा. पाणंद त्याने पाहिलेलीच नाही, तर तिची आठवण त्याला कुठून असणार? हे लक्षात आल्यावर मन बरेच निवळले. न जाण्याचाही विचार एकदा येऊन गेला. पण त्या बेटावर पर्यटकांच्या पैशावरही घरे चालतात, त्यामुळे आपण न गेल्याने कुंपणे निघत नाहीत. जायचे, पण तिथल्याच माणसांच्या घरी उतरायचे, एवढे ठरवले आणि एका ठिकाणी लिहून विचारले. संध्याकाळी उत्तर आले. त्या बाईंनी खोलीचे भाडे सांगण्याआधी आईचे वय विचारले आहे, आणि "भरतीच्या वेळी आलात तर माझा मुलगा होडी अगदी वाळूपर्यंत आणेल," असे कळवले आहे.

ते मी आईला फोनवर वाचून दाखवले. तिने बेटाचे नावही विचारले नाही. "तिथी कोणती आहे त्या दिवशी?" एवढेच विचारले. पौर्णिमा जवळ आहे म्हटल्यावर म्हणाली, "उधाणात कशाला नेतेस मला? अष्टमीच्या सुमारास ने, भांगाच्या पाण्याला ओढ कमी असते. मग उतरेन मी, कोणी धरायला नको." तिथीवरून भरतीची वेळ काढणारी ही आई, तिच्या गुडघ्याची मी काळजी करत होते.

त्यामुळे आता तारखा पुढे गेल्या आहेत. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत सगळ्यांची थायलंडमधल्या प्रवेशाची ऑनलाइन नोंद करायची, हे वहीत लिहून ठेवले. मिहिरला रजा बदलून घ्यावी लागेल आणि तो कारण विचारेल. तेव्हा त्याला आजीला फोन लावायला सांगणार आहे.